छातीवरची पिसे

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने बायकोचे मन रमावे म्हणून बाजारातून एक पाखरू विकत आणले. परदेशी जातीचे, घडण पोपटासारखी पण अंग मुठीत मावेल एवढे. हिरवी छाती, पिवळे डोके आणि मानेवर बारीक काळ्या रेघा. कोणी त्याला बजी म्हणतात, कोणी लव्हबर्ड. व्यापाऱ्याला नावाशी कर्तव्य नव्हते. घरात पुन्हा कोणीतरी किलबिलावे, एवढेच त्याला हवे होते.

कारण त्या घरातला बोलणारा गेला होता. एकुलता एक मुलगा, नऊ वर्षांचा, दिवाळीनंतरच्या तापाने गेला.

व्यापारी व्यवस्थित माणूस होता. दुकानात कोणते पातेले कोणत्या फळीवर आहे हे तो डोळे मिटून सांगे. दुःखाचीही त्याने तशीच व्यवस्था लावली. नातेवाईक म्हणाले, वस्तू डोळ्यांसमोर राहिल्या की जखम भरत नाही. त्याने तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाचे कपडे, बूट, दप्तर, बॅट, सारे एका अनाथाश्रमात पोहोचते केले. बायको तेव्हा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिला काही विचारावे अशी तिची अवस्था नाही, असे त्याने ठरवले. मुलाचे नाव घरात घेणेही त्याने सोडून दिले.

सुरुवातीला ती गप्प बसणारी नव्हती. जेवताना मध्येच ताट सारून देई. भांडी आपटी. "मला तुमच्याशी बोलायचंय," असे म्हणून ती त्याच्यासमोर येऊन उभी राही. व्यापारी म्हणे, "आत्ता नको, तुलाच त्रास होईल," आणि पायात चपला सरकवून दुकानाकडे निघे. ती जे बोलणार होती ते आपल्याला सोसवणार नाही, हे त्याला आतून ठाऊक होते. पण मी तिला जपतो आहे, असेच तो स्वतःला सांगत असे.

पाखरू आणले खरे, पण ते किलबिलेना. व्यापाऱ्याने पिंजऱ्यात हात घातला, की ते पलीकडच्या गजांना चिकटून किंचाळे आणि बोट जवळ गेले की कडकडून चावे. बायकोने पहिल्या दिवशी पिंजऱ्याकडे पाहिले, "भेदरलंय बिचारं," एवढे म्हणाली आणि आत निघून गेली. व्यापाऱ्याला वाटले, हे एकदा माणसाळले, हातावर येऊन बसू लागले, की तीही जवळ येईल. त्या विचाराने तो पिंजरा घेऊन नदीकाठी गेला.

तिथे जुन्या धर्मशाळेत एक वृद्ध राहत असत. पूर्वी कुठेशी शिकवत होते म्हणे. आता गावातले लोक त्यांच्याकडे आपल्या अडचणी घेऊन येत आणि पोरे पंख मोडलेली पाखरे घेऊन येत. दोघांनाही ते ओसरीवर सारख्याच आस्थेने बसवून घेत. लोक त्यांना बुवा म्हणत, पण त्यांच्याजवळ ना माळ होती ना भस्म.

व्यापाऱ्याने आपली अडचण सांगितली. बुवांनी पिंजऱ्याचे दार उघडून सावकाश हात आत घातला. पाखराने अंगठ्याजवळच्या मऊ भागाचा चावा घेतला आणि तो सोडेचना. बुवांचा हात जागचा हलला नाही. उलट ते व्यापाऱ्याला तांब्याचा भाव विचारू लागले. हल्ली लोक स्टीलच घेतात का, पितळेला कल्हई करणारे अजून मिळतात का, असे काहीबाही. व्यापाऱ्याचे लक्ष मात्र त्यांच्या मनगटाकडे ओघळणाऱ्या रक्ताकडे होते. बऱ्याच वेळाने पाखराने चोच सोडली, मान तिरपी करून त्या हाताकडे पाहिले आणि दांडीवर थोडे बाजूला सरकून बसले. मगच बुवांनी हात बाहेर काढला.

"बुवा, रक्त आलंय."

"माझंच आहे. तुम्ही कशाला घाबरता?"

"पण चावत होतं, तर हात काढून घ्यायचा ना."

बुवा धोतराच्या सोग्याला हात पुसत म्हणाले, "शेट, ते भ्यालं होतं म्हणून चावलं. मी हात ओढला असता, तर दुखलं की हा माणूस निघून जातो एवढंच ते शिकलं असतं. माझी शिकवणी इतकीच आहे. चावलं तरी हात हलवायचा नाही. आणि पोट भरलेलं असताना बोलवायचं. उपाशी पाखरू दाण्याकडे येतं. ते तुमच्याकडे आलं असं समजू नका."

शिकवणी सोपी होती. व्यापाऱ्याने घरी येऊन दुसऱ्याच दिवशी हात आत घातला. पाखरू चावले. ती कळ इतकी तिखट होती, की त्याने हात झटकला आणि पाखरू गजांवर आपटून खाली पडले. ते उठून बसले, पण व्यापाऱ्याला स्वतःचाच राग आला. मग त्याने त्यावर उपाय शोधला. दुकानामागे त्याचा छोटा कारखाना होता; तिथे भांड्यांना पॉलिश करणारे कामगार चामड्याचे जाड हातमोजे घालत. त्यातला एक त्याने घरी आणला. आता पाखराने कितीही चोच मारली तरी हात हलत नसे. बुवांनी सांगितलेले आपण पाळतो आहोत, अशी त्याने मनाची समजूत घातली.

दुसरी गोष्ट पाखरे विकणाऱ्याने शिकवली. पिंजऱ्यातली वाटी काढून घ्यायची आणि राळ्याचे दाणे फक्त तळहातावर ठेवायचे. झक मारत येईल, तो म्हणाला होता. व्यापाऱ्याने तेही केले. पाखरू आधी किंचाळले, मग नुसतेच पाहत राहिले, आणि एके दिवशी त्या चामड्याच्या पंजावर उतरून घाईघाईने दाणे टिपू लागले. व्यापाऱ्याला भरून आले. किती दिवसांनी त्याच्या घरात काहीतरी त्याच्या मनासारखे घडत होते.

हळूहळू पाखराचे किंचाळणे थांबले. चावणेही थांबले. मग त्याने हातमोजा काढून टाकला, वाटी पुन्हा आत ठेवली. उन्हाळा लागेपर्यंत पाखरू असे निवळले, की पिंजऱ्याचे दार उघडे राहिले तरी बाहेर येत नसे. दिवसभर वाटीत चोच घालून बसलेले असे. अंगाची पिसे फुगवून चेंडूसारखे गोल होई, डोळे अर्धवट मिटून घेई. उचलून हातावर ठेवले की हातावर, खांद्यावर ठेवले की खांद्यावर. सुखावले आहे, व्यापारी म्हणे.

त्याच सुमारास बायकोही निवळली. "मला बोलायचंय" हे बंद झाले. भांडी आपटणे बंद झाले. जेव म्हटले की ताटावर बसे, चल म्हटले की देवळात येई, कोणी विचारले तर "बरी आहे" म्हणे. उन्हाळ्यातसुद्धा ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन अंग झाकून बसे. येणाऱ्याजाणाऱ्यांचा राबता असतो म्हणून असेल, असे त्याला वाटले. त्याची वहिनी येऊन गेली आणि जाताना दारात म्हणाली, "सावरली हो तुमची बायको. देवाची कृपा." व्यापाऱ्याने मान डोलावली. त्याला आपण केलेली सगळी व्यवस्था फळाला आल्यासारखे वाटले.

एके सकाळी त्याने पाखरू खांद्यावर बसवले आणि पिंजरा न घेताच तो बुवांना दाखवायला निघाला. बाजारपेठेतून जाताना लोक थांबून पाहू लागले. समोरच्या दुकानातला कापडवाला ओरडून म्हणाला, "काय शेट, तुम्ही पाखरू पाळलंय की पाखरानं तुम्हाला?" शेजारचा म्हणाला, "गिऱ्हाइकं अशी आपण होऊन खांद्यावर येऊन बसली, तर हाका मारायलाच नकोत." व्यापारी हसला. मुलगा गेल्यापासून बाजारात तो पहिल्यांदाच हसला होता. गोंगाट, हातगाड्या, भोंगे, कशानेही पाखरू विचलित झाले नाही.

बुवा ओसरीवर दाणे पसरून बसले होते. चिमण्या, साळुंक्या, एक लंगडा कावळा, असा त्यांचा दरबार भरला होता. व्यापाऱ्याच्या खांद्याकडे नजर जाताच त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.  त्यांनी शेजारची पितळी परात उचलली आणि दोन्ही हातांनी फरशीवर आदळली.

केवढा तरी आवाज झाला. चिमण्या भुर्रकन उडाल्या, साळुंक्या कलकलाट करीत पिंपळावर गेल्या, लंगडा कावळाही फडफडत कठड्यापर्यंत पोहोचला. व्यापाऱ्याच्या खांद्यावरचे पाखरू मात्र तसेच बसून राहिले. त्याने डोळेसुद्धा पूर्ण उघडले नाहीत.

"पाहिलंत बुवा?" व्यापारी अभिमानाने म्हणाला. "माझ्यावर किती विश्वास बसलाय त्याचा."

बुवांनी परात बाजूला ठेवली. "शेट, तुमच्या दुकानात गिऱ्हाईक भांडं घेताना काय करतं?"

"टिचकी मारून बघतं."

"का?"

"आत तडा असला तर बद्द वाजतं. वरून कितीही चकचकीत असू दे."

"मी आत्ता टिचकीच मारली. काय ऐकू आलं तुम्हाला?"

 बुवांनी पाखरू अलगद ओंजळीत घेतले आणि त्याच्या छातीवर हळूच फुंकर घातली. फुगलेली पिसे दोन्ही बाजूंना झाली. त्या पिसांखाली पाखरू जवळजवळ नव्हतेच. छातीचे हाड विळीच्या पात्यासारखे वर आले होते आणि त्यावर कातडी ताणून बसवल्यासारखी दिसत होती.

"पण बुवा, ते दिवसभर वाटीशी असतं."

"चोच वाटीत असते. चार दाणे गिळतं, बाकीचे सोलून तिथेच टाकून देतं. घरी जाऊन वाटीतली टरफलं फुंकून बघा, खाली दाणे तसेच सापडतील."

"मग खाल्ल्यासारखं कशाला करायचं?"

"ही थव्यात राहणारी जात आहे. थव्यात जो दुबळा दिसतो त्याच्यावर ससाण्याची नजर आधी जाते. म्हणून ही पाखरं दुखणं लपवतात. पिसं फुगवतात, म्हणजे हाडं दिसत नाहीत. चारचौघांसारखं वाटीशी बसतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय."

त्यांनी व्यापाऱ्याचा हात हातात घेतला, बोटे उलटसुलट करून पाहिली. त्याच्या बोटांवर चाव्याची एकही खूण उरलेली नव्हती. कसे जमले, असे त्यांनी विचारले. व्यापाऱ्याने हातमोज्याचे सांगितले, काढून घेतलेल्या वाटीचेही सांगितले. सांगताना त्याचा आवाज लहान होत गेला. "पण मग माझ्या हातावर कसं बसतं ते? चावणंही सोडलंय त्यानं."

"चावायला बळ लागतं," बुवा म्हणाले. "आणि चावून काहीतरी फरक पडेल, अशी आशा लागते. याचं दोन्ही संपलं. त्याला जायला दुसरी जागा उरली नाही म्हणून ते तुमच्या हातावर आहे. ज्या दिवशी ते चावायचं थांबलं, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं. तुम्ही पेढे वाटले असतील."

बुवांनी आतून कंदील आणला, काच गरम झाल्यावर फडक्यात गुंडाळलेले पाखरू त्याच्या उबेला धरले, बोटाने साखरपाण्याचा थेंब चोचीला लावला. थेंब चोचीवरून घरंगळून गेला. वाचेल का, असे व्यापाऱ्याने विचारले. बुवांनी नाही अशी मान हलवली.  उडालेल्या चिमण्या एकेक करून दाण्यांवर परतल्या.

मग भाव विचारावा तितक्या सहजपणे बुवांनी विचारले, "घरी बाई कशा आहेत?"

"बरी आहे. आता शांत असते. पूर्वीसारखा त्रागा करत नाही. म्हणेन ते ऐकते. ताटावर बसते, पण—"

व्यापारी थांबला. बुवांनी त्याच्याकडे पाहिले नाही; ते पाखराकडेच पाहत होते. व्यापाऱ्याला ऐन उन्हाळ्यात दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर आठवला. ताटावर ती बसे हे त्याने पाहिले होते, पण तिने शेवटचा घास कधी तोंडात घातला, हे त्याला आठवेना. शेवटचे तो तिला जेवताना पाहत बसला होता कधी? ताट वाढले गेले की तो दुकानाकडे निघत असे.

तो उठला आणि चपला शोधू लागला. घाईत त्याचा पाय चपलेत जाईना. तेवढ्यात बुवांच्या ओंजळीतले पाखरू एकदा ताठ झाले आणि सैल पडले. बुवांनी फडक्याची टोके त्याच्यावर दुमडली, ते गाठोडे व्यापाऱ्याच्या हातात दिले आणि आजवर ज्याला अहोजाहो करीत होते त्याला एकेरीत म्हणाले, "घेऊन जा. तिच्यापासून हे लपवू नकोस. आणि हातमोजे घालून जाऊ नकोस, बाबा."

तो घरी पोहोचला तेव्हा बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. निवडण्यासाठी हात लांब करताना पदर सरकला. तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या मनगटावरून निसटू नयेत म्हणून तिने त्यांना आतून चिंधी गुंडाळली होती. चिंधी मळलेली होती, म्हणजे ती आजची नव्हती. तरीही हात वर उचलला की पाटल्या कोपरापर्यंत मागे जात आणि खडे वेचायला हात खाली गेला की मनगटावर घसरत. धातूची पारख करणाऱ्या त्या माणसाला रोज डोळ्यांसमोर असलेल्या त्या पाटल्या दिसल्या नव्हत्या.

त्याने गाठोडे तिच्यासमोर ठेवून उलगडले.

"मेलं?" ती म्हणाली.

"मी उपाशी ठेवलं होतं त्याला. हाताला यावं म्हणून."

"हं," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

तो हुंकार व्यापाऱ्याने आयुष्यात हजारदा ऐकला होता, दुकानात, तडा गेलेल्या भांड्यांतून.   तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. मग जे नाव त्याने इतके दिवस घरात घेतले नव्हते, ते घेतले.

"हृषीला हे पाखरू आवडलं असतं."

तिचा हात तांदळात थांबला.  ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खालचा होता.

"नाव घेऊ नका त्याचं. तुम्हाला हक्क नाही."

तो बसून राहिला.

"निळा स्वेटर धुवायचा राहिला होता त्याचा. त्याचा वास होता त्याला. मी उशाशी ठेवणार होते. तुम्ही तो कुठल्या मुलाला दिलात, तेसुद्धा तुम्हाला सांगता यायचं नाही." तिने सूप दूर सारले. "मला विचारायचंसुद्धा नव्हतं? त्याच्याबरोबर मीही मेले होते का? आणि त्या दिवशी, लोक जमले होते तेव्हा, तुम्ही मला म्हणालात, आवाज कमी कर. माझ्या पोराला उचलत होते, आणि तुम्ही म्हणालात आवाज कमी कर."

व्यापाऱ्याला हे आठवत होते. हे कोणी कधी उच्चारू नये म्हणूनच तो इतके दिवस दुकानात बसत होता. उंबऱ्याजवळ त्याने काढलेल्या चपला दिसत होत्या. तिनेही त्याची नजर पाहिली.

"जा. निघायचं असेल ना दुकानात?"

"नाही," तो म्हणाला.

मग ती बोलत गेली. तिचा आवाज चढला, इतका की शेजारच्या घराची खिडकी उघडली आणि कोणीतरी डोकावले. तिने सूप लाथाडले. तांदूळ घरभर झाले. जे ती बोलली त्यातले काही खरे होते, काही अन्यायाचे होते, आणि अन्यायाचे जास्त लागत होते.  त्याने आवाज कमी कर असे म्हटले नाही, खिडकीही लावली नाही. मांडीवर ठेवलेला हात त्याने हलवला नाही.

ऊन उतरल्यावर ती थकून भिंतीला टेकली. त्याने आत जाऊन थोडा भात, वर साधे वरण, असे ताट तिच्यापुढे आणून ठेवले आणि म्हणाला, "दोन घास खा."

"नको," ती म्हणाली.

कित्येक दिवसांत तिने त्याला नाही म्हटले नव्हते. त्याने आग्रह केला नाही. ताट तिथेच ठेवून तो खाली वाकून जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचू लागला. काही वेळाने, त्याच्याकडे न पाहता, तीही दुसऱ्या बाजूने वेचू लागली. तिच्या पाटल्या फरशीवर वाजत होत्या.

आपल्या घरातले कोणी अलीकडे फारच शहाण्यासारखे वागत असेल, तर जवळ बसून त्याच्या छातीवरची पिसे एकदा बाजूला करून पाहावीत.